टीमक्समध्ये रंग का बिघडतात, आणि ‘टर्म’ हाताने का बदलू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपवर नोम टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), तिथून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची सोय) ऑफिसच्या डेबियन लिनक्स सर्व्हरवर, सर्व्हरवर टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) आणि टीमक्सच्या आत व्हिम हा एडिटर. लॅपटॉपवर व्हिमची रंगसंगती हवी तशी दिसते. सर्व्हरवर टीमक्समध्ये तीच भडक आणि चुकीची दिसते. कुठेतरी वाचून तुम्ही झेडशेलच्या (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) आरसी फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना तो वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, ‘टर्म’ या व्हेरिएबलला ‘एक्सटर्म-२५६कलर’ ही किंमत देऊन टाकलीत. रंग थोडे सुधारले, पण होम आणि एंड ही बटणं दाबली की ‘~’ असं चिन्ह उमटायला लागलं. आता काय करावं?

सगळ्यात आधी ती ओळ काढून टाका. बाकीचं उत्तर ती का काढायची आणि तिच्याऐवजी काय करायचं, याचंच आहे. (कमांड आणि नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. ‘टर्म’ आणि ‘कलरटर्म’ ही दोन व्हेरिएबल पूर्ण मोठ्या अक्षरांत असतात.)

‘टर्म’ बदललं की रंग सुरू होतात, असा समज फार पसरलेला आहे. खरं तर त्या व्हेरिएबलमध्ये फक्त एक नाव असतं. प्रोग्राम ते नाव घेऊन टर्मइन्फो नावाच्या संग्रहात त्याची नोंद उघडतो. ‘समोर बसलेल्या टर्मिनलला किती रंग कळतात, रंग बदलायला कोणती अक्षरमाळ पाठवायची, स्क्रीन कशी पुसायची, होम दाबल्यावर तिकडून काय येईल’ अशा शेकडो गोष्टी त्या एका नोंदीत असतात. रंग हा त्यातला एक छोटा भाग.

ही व्यवस्था आली ती गरजेतून. १९७० च्या दशकात डझनावारी कंपन्यांची टर्मिनलं होती आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. व्हीआय एडिटर सगळ्यांवर चालावा म्हणून बर्कलीत बिल जॉय यांनी टर्मकॅप केलं, पुढे त्याची जागा टर्मइन्फोने घेतली. ज्याची नक्कल आजची जवळजवळ सगळी टर्मिनलं करतात, त्या १९७८ च्या व्हीटी१०० ला रंग नव्हतेच. आज लिनक्सवर टर्मइन्फोच्या नोंदी येतात त्या एनकर्सेस या प्रकल्पातून. एनकर्सेस आणि एक्सटर्म हे जुनं टर्मिनल, दोन्ही कित्येक वर्षं थॉमस डिकी सांभाळतात. त्यामुळे कोणत्या टर्मिनलला काय येतं याची नोंद बरीच काटेकोर असते. तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता तुमचं होम बटण. ‘इन्फोकम्प’ या कमांडला दोन नावं दिली की ती दोन नोंदींमधला फरक दाखवते. एक्सटर्म-२५६कलर आणि टीमक्स-२५६कलर अशी नावं देऊन बघा, ‘केहोम’ या शब्दासमोर फरक दिसेल. एक्सटर्मच्या नोंदीत होम म्हणजे एस्केप (खास क्रम सुरू होतोय हे सांगणारं, न दिसणारं अक्षर), मग मोठा ओ, मग मोठा एच. टीमक्सच्या नोंदीत होम म्हणजे एस्केप, चौकटी कंस, १ आणि ~. टीमक्सच्या आत असताना तुमच्या झेडशेलशी बोलतो तो टीमक्स. लॅपटॉपवरचं टर्मिनल दोन पायऱ्या मागे आहे. टीमक्स आपल्या पद्धतीने होम पाठवतो. तुम्ही झेडशेलला सांगितलंय की समोर एक्सटर्म आहे, म्हणून तो ओ-एचची वाट बघत बसतो. आलेली अक्षरं त्याला ओळखीची नसतात आणि शेवटचं ‘~’ तो तुम्ही टाइप केलं असं समजून छापतो. बिघाड होता टीमक्सच्या सेटिंगमध्ये आणि उपाय झाला शेलच्या फाइलमध्ये: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यात होम बटणापुरतंच नुकसान असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी काम करत होते. तिथे सगळ्यांसाठीच्या प्रोफाइल फाइलमध्ये कुणीतरी सोयीसाठी हीच ओळ घालून ठेवली होती. एका रात्री एका यंत्राची डिस्क गेली, नेटवर्क बंद, आणि आत जायची एकच वाट उरली: सीरियल केबलने जोडलेलं एक जुनं, एकरंगी टर्मिनल. लॉगिन झालं. डिस्कची यादी असलेली फाइल एडिटरमध्ये उघडली तर अर्धी अक्षरं लुकलुकत होती. आम्हाला वाटलं, टर्मिनलच गेलं.

कारण साधं होतं. २५६ रंगांपैकी एखादा निवडायचा असेल तर प्रोग्राम ३८;५;२०८ असा क्रम पाठवतो: ३८ म्हणजे ‘अक्षराचा रंग बदल’, ५ म्हणजे ‘पुढे २५६ पैकी एक क्रमांक येतोय’, आणि मग तो क्रमांक. ज्या टर्मिनलला ३८ माहीतच नाही ते ३८ सोडून देतं आणि पुढचा ५ स्वतंत्र आज्ञा म्हणून वाचतं. स्वतंत्र ५ चा अर्थ आहे ‘लुकलुक’. टर्मिनल धडधाकट होतं, त्याची ओळख आम्ही खोटी दिली होती. लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामने ‘टर्म’ची किंमत आधी बरोबरच ठरवली होती, प्रोफाइलने ती पुसली. त्या रात्रीपासून कुठल्याही शेलच्या फाइलमध्ये ‘टर्म’ला किंमत दिलेली दिसली की मी ती काढते.

मग रंग आणायचे कसे? त्यासाठी आधी रंग किती प्रकारचे असतात ते बघू, कारण ‘रंग चुकीचे’ म्हणजे नेमकं काय चुकलंय हे त्यावरून ओळखता येतं.

पहिले आठ रंग ३० ते ३७ या क्रमांकांचे, आणि त्यांच्या उजळ आवृत्त्या ९० ते ९७. हे सोळा रंग फक्त नावापुरते ठरलेले आहेत. ‘निळा’ म्हणजे नक्की कोणता निळा, हे तुमच्या टर्मिनलची रंगसंगती ठरवते. दुसरा प्रकार २५६ रंगांचा, जो एक्सटर्ममध्ये १९९९ साली आला. त्यातले पहिले सोळा म्हणजे वरचेच. १६ ते २३१ हा लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांचा घन, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६. त्या पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. शून्यावरून एकदम पंच्याण्णववर उडी असल्यामुळे गडद छटा या घनात फारच कमी आहेत, आणि गडद पार्श्वभूमीच्या रंगसंगती २५६ रंगांत हमखास बिघडतात त्या यामुळेच. २३२ ते २५५ या चोवीस राखाडी छटा. तिसरा प्रकार ट्रूकलरचा: ३८;२ आणि पुढे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे. एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख छटा.

तुमच्या व्हिममध्ये लॅपटॉपवर तिसरा प्रकार चालू आहे आणि टीमक्सच्या आत तो दुसऱ्यावर, किंवा टीमक्सची जुनी आवृत्ती असेल तर थेट पहिल्यावर घसरतो. टीमक्सने आपल्या आतल्या प्रोग्रामना द्यायचं ‘टर्म’ बरीच वर्षं नुसतं ‘स्क्रीन’ होतं (ग्नू स्क्रीन या टीमक्ससारख्याच जुन्या प्रोग्रामचं नाव), आणि ‘स्क्रीन’च्या नोंदीत आठच रंग आहेत.

हातच्या काकणाला आरसा कशाला, स्वतः बघा. एक छोटं लूप लिहा: आकडा ० पासून २५५ पर्यंत दोन-दोनने वाढवत न्यायचा, आणि प्रत्येक वेळी प्रिंटएफने एस्केप (उलटी तिरपी रेघ आणि ०३३), उघडा चौकटी कंस, ४८;२;०;०; त्यापुढे तो आकडा, लगेच छोटा एम आणि मग एक मोकळी जागा छापायची. शेवटी एस्केप, कंस, ०, एम, म्हणजे रंग मूळपदावर येतो. ४८ म्हणजे पार्श्वभूमीचा रंग. पडद्यावर काळ्यापासून निळ्यापर्यंत पट्टी उमटेल. ती पहाटेच्या आभाळासारखी सलग उजळत गेली तर ट्रूकलर पोचतोय. तीत पाच-सात ठळक पट्टे पडले तर मधल्या कुणीतरी तुमचे रंग २५६ मधल्या जवळच्या रंगांवर बसवलेत. ट्रूकलर अजिबात न कळणारं टर्मिनल असेल तर भलतंच काहीतरी दिसेल.

हे लूप तीन ठिकाणी चालवा: लॅपटॉपवर थेट, मग एसएसएच करून पण टीमक्स न उघडता, मग टीमक्सच्या आत. बाहेरून आत, याच क्रमाने. मला खात्री आहे की पहिल्या दोन ठिकाणी पट्टी सलग दिसेल आणि तिसऱ्या ठिकाणी तुटेल. एसएसएच रंगांना हातच लावत नाही, ते फक्त अक्षरं वाहून नेतं. टीमक्स मात्र स्वतः एक टर्मिनल आहे. आतल्या प्रोग्रामने जे पाठवलं ते तो वाचतो, स्वतःच्या मनातल्या पडद्यावर रंगवतो आणि मग बाहेरच्या टर्मिनलला झेपेल अशा भाषेत पुन्हा लिहितो. बाहेरच्याला ट्रूकलर येतो हे त्याला माहीत नसेल तर तो सभ्यपणे जवळचा रंग निवडतो. म्हणून टीमक्सला दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात: आतल्यांना स्वतःची ओळख काय द्यायची, आणि बाहेरच्याला काय येतं.

पहिल्यासाठी टीमक्सच्या कॉन्फ फाइलमध्ये: सेट, वजा जी, डिफॉल्ट-टर्मिनल, आणि अवतरणात टीमक्स-२५६कलर. आधी सर्व्हरवर ही नोंद आहे ना ते इन्फोकम्पला हेच एक नाव देऊन तपासा. नसेल तर डेबियनमध्ये एनकर्सेस-टर्म हे पॅकेज घाला. ते घालायचा अधिकार नसेल तर स्क्रीन-२५६कलर वापरा, पण एक उणीव पत्करून: स्क्रीनच्या नोंदीत ३ या क्रमांकाचा अर्थ ‘उठून दिसणारा मजकूर’ असा आहे, आणि इतरत्र ३ म्हणजे तिरपी अक्षरं. त्यामुळे व्हिममधल्या तिरप्या कॉमेंट एकदम उलट्या रंगात, पांढऱ्या पट्टीवर दिसू शकतात. खूप जण याला रंगसंगतीचा दोष समजून ती बदलत बसतात.

दुसऱ्यासाठी, टीमक्स ३.२ किंवा पुढचा असेल तर: सेट, वजा एएस, टर्मिनल-फीचर्स, आणि अवतरणात आधी स्वल्पविराम, मग एक्सटर्म-२५६कलर, अपूर्णविराम, आरजीबी. त्याआधीचा असेल तर टर्मिनल-फीचर्सच्या जागी टर्मिनल-ओव्हरराइड्स आणि आरजीबीच्या जागी टीसी, त्यातला टी मोठा आणि सी छोटा. टीमक्समध्ये ट्रूकलर २.२ पासून आहे, त्याहून जुना असेल तर तो बदलल्याशिवाय इलाज नाही. इथे एक्सटर्म-२५६कलर हे नाव आलं ते नोम टर्मिनल स्वतःची ओळख तशी देतं म्हणून. तुमचं टर्मिनल वेगळं असेल तर टीमक्सच्या बाहेर ‘टर्म’ छापून बघा आणि ते नाव घाला. त्या जागी तारा टाकून ‘सगळ्यांनाच ट्रूकलर येतो’ असं लिहिलेल्या फाइली खूप फिरतात. ते करू नका. एखाद्या दिवशी तुम्ही वेगळ्याच यंत्रावरून जोडणी कराल आणि त्या लुकलुकीच्या वाटेवर जाल.

फाइल बदलली तरी काही फरक पडला नाही, अशी तक्रार इथे हमखास येते. टीमक्सचा सर्व्हर मागे चालूच असतो. तो फाइल सुरू होताना एकदाच वाचतो. सोर्स-फाइल कमांडने ती पुन्हा वाचायला लावली तरी आधीच उघडलेल्या खिडक्यांमधलं ‘टर्म’ जुनंच राहतं, आणि बाहेरच्या टर्मिनलची माहिती तो जोडणीच्या वेळी ठरवतो. म्हणून फाइल वाचायला लावा, डिटॅच करून (टीमक्स चालू ठेवून त्यातून बाहेर पडून) पुन्हा अटॅच करा (त्यातच परत या), आणि नवी खिडकी उघडून तपासा. किल-सर्व्हरने सगळंच नव्याने सुरू होतं खरं, पण त्यात चालू असलेली तुमची सगळी कामंही मरतात. ऑफिसच्या सर्व्हरवर ते करण्याआधी दोनदा बघा. शेवटी ‘टीमक्स इन्फो’ या कमांडच्या निकालात आरजीबी आणि टीसी या ओळी शोधा. दोन्हींपुढे ‘मिसिंग’ असेल तर टीमक्सला अजून कळलेलं नाही. एकीपुढे जरी ‘ट्रू’ असेल तर झालं.

आता व्हिम. त्याला ट्रूकलर वापर म्हणून वेगळं सांगावं लागतं: सेट टर्मगुईकलर्स. ‘टर्म’ एक्सटर्मच्या घराण्यातलं असेल तेव्हा व्हिम पुढचं स्वतः समजतो. टीमक्समध्ये तसं नसतं, म्हणून टी_८एफ आणि टी_८बी या दोन पर्यायांत ३८;२ आणि ४८;२ च्या अक्षरमाळा द्याव्या लागतात. व्हिमच्या मदतीत ‘एक्सटर्म-ट्रू-कलर’ या शीर्षकाखाली त्या दोन ओळी तयार आहेत, तिथूनच उचला. टर्मगुईकलर्स लावल्यावर सगळं काळं-पांढरं झालं तर समजा की या दोन ओळी राहिल्या. खाली-वर सरकवताना पार्श्वभूमीत ठिगळं पडत असतील तर ते जुन्या टीमक्सचं किंवा ग्नू स्क्रीनचं लक्षण: पुसलेली जागा चालू पार्श्वरंगाने भरली जाईल असं व्हिम धरून चालतो आणि मधला थर तसं करत नाही. टी_यूटी हा पर्याय रिकामा ठेवला की व्हिम ती जागा स्वतः रंगवतो.

‘कलरटर्म’चा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण तो पुढे लागेलच. टर्मइन्फोमध्ये ट्रूकलर सांगायची सर्वमान्य सोय उशिरा आली, त्यामुळे टर्मिनलांनी एक बाजूची खूण सुरू केली: कलरटर्म या व्हेरिएबलची किंमत ‘ट्रूकलर’ किंवा ‘२४बिट’. अनेक नवे प्रोग्राम फक्त हेच बघतात. अडचण अशी की एसएसएच जोडणी करताना ‘टर्म’ आपोआप पलीकडे देतं, ‘कलरटर्म’ देत नाही. त्यासाठी तुमच्या बाजूला सेंडएन्व्ह आणि सर्व्हरच्या बाजूला ॲक्सेप्टएन्व्ह अशी दोन्हीकडे नोंद लागते. सर्व्हर तुमच्या ताब्यात नसेल तर प्रशासकाला विचारा. ही मागणी अगदी रास्त आहे, संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट. उद्या तुम्ही किटी किंवा अलॅक्रिटी यांसारखं दुसरं टर्मिनल घेतलंत तर प्रश्न उलटा होईल. किटी स्वतःची ओळख एक्सटर्म-किटी अशी देतं, आणि जुन्या सर्व्हरवर या नावाची नोंदच नसते. मग व्हिम, टॉप, लेस सगळेच कुरकुरतात. इथेही लोक शेलमध्ये ‘टर्म’ बदलतात. त्याऐवजी नोंदच तिकडे न्या: लॅपटॉपवर इन्फोकम्प वजा एक्स चालवा, त्याचं आउटपुट पाइपने एसएसएचमधून सर्व्हरवरच्या ‘टिक वजा एक्स वजा’ या कमांडला द्या. सर्व्हरवर तुमच्या घरच्या डिरेक्टरीत टर्मइन्फो नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये नोंद तयार होते. एकदाच करायचं काम आहे. मात्र सुडोने रूट (यंत्राचा मुख्य प्रशासक) झालात की रूटचं घर वेगळं, तिथे ही नोंद सापडत नाही. तिथेही लागणार असेल तर टिक एकदा रूट म्हणूनही चालवा. हे जमत नसेल तर ओपनएसएसएच ८.७ पासून आणखी एक वाट आहे: एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका होस्टखाली सेटएन्व्हने टर्म बदलून पाठवता येतं. ही तडजोडच आहे, पण एका सर्व्हरपुरती मर्यादित आणि डोळ्यांसमोर लिहिलेली.

किटीवरून डेबियन किंवा उबुंटूवर आलात आणि बॅशचा प्रॉम्प्ट एकाएकी बिनरंगी झाला, तर घाबरू नका. डेबियनच्या तयार बॅशआरसी फाइलमध्ये एक तपासणी आहे: टर्म ‘एक्सटर्म-कलर’ असेल किंवा ‘-२५६कलर’ने संपत असेल तरच प्रॉम्प्ट रंगवायचा. एक्सटर्म-किटी त्यात बसत नाही. त्याच फाइलमध्ये खाली फोर्स_कलर_प्रॉम्प्टची ओळ कॉमेंट करून ठेवलेली आहे, तिच्यापुढचं चिन्ह काढा.

विंडोजवरून पुटी हे एसएसएचचं टर्मिनल वापरणारे सहकारी असतील तर त्यांना एवढंच सांगा: कनेक्शनखालच्या डेटा या पानावर टर्मिनल-टाइपच्या जागी नुसतं एक्सटर्म असतं, ते एक्सटर्म-२५६कलर करा. हे टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये होतंय, म्हणून ते योग्य आहे. ट्रूकलर हवा असेल तर पुटी ०.७१ किंवा पुढची लागते.

एवढं सगळं बरोबर होऊनही काही मजकूर दिसतच नाही, अशी एक तक्रार उरते. तिचा या थरांशी संबंध नाही. पहिल्या सोळा रंगांची व्याख्या रंगसंगतीच्या हातात असते हे वर लिहिलं. सोलराइज्ड या २०११ च्या गाजलेल्या रंगसंगतीने त्या सोळापैकी ‘उजळ काळा’ ही जागा गडद पार्श्वभूमीच्याच छटेला दिली आहे. झेडशेलमध्ये पुढचा शब्द सुचवणारं ऑटोसजेशन्स प्लगइन आपली सूचना नेमकी त्याच उजळ काळ्यात, म्हणजे ८ क्रमांकात छापतं. सूचना छापली जाते, पार्श्वभूमीत विरून जाते आणि माणूस प्लगइन तीनदा काढून घालतो. प्लगइनला दुसरा क्रमांक द्या, २४४ चालेल. तो चोवीस राखाडी छटांमधला आहे, सहसा कुठलीही रंगसंगती त्याला हात लावत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आरसी फाइलमधली ओळ काढा, लॅपटॉपवरून नव्याने एसएसएच करा, टीमक्सच्या फाइलमध्ये त्या दोन ओळी घाला, ती पुन्हा वाचायला लावून डिटॅच-अटॅच करा, नव्या खिडकीत निळी पट्टी छापा. पट्टी सलग दिसली आणि होम दाबल्यावर कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला, तर व्हिमच्या त्या ओळींकडे वळा. झेडशेलमध्ये होमने अजूनही काहीच होत नसेल तर आरसी फाइलमध्ये होमची जोडणी टर्मइन्फोच्या केहोम या किमतीशी केलेली आहे का ते बघा. झेडशेल ती सगळीकडे स्वतः करत नाही, आणि तिथे अक्षरमाळ हाताने लिहिली असेल तर टीमक्सच्या आत-बाहेर दोन्हीकडे ती एकदम बरोबर ठरणार नाही.